आर्ची धडगावची असती तर

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता आणि आर्चीच्या भूमिकेसाठी रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला होता. पुढे त्याने मराठी सिनेमाच्या कमाईचे आधीचे सगळे आकडे मागे टाकले. कन्नड, पंजाबी आणि हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. २०२५ च्या मार्चमध्ये तो पुन्हा थिएटरात आला. एवढं कौतुक झालेल्या सिनेमाबद्दल ‘आवडला, पण…’ म्हणणारं माणूस जरा एकटं पडतं. खालच्या संवादातली बाई तशी आहे. धडगाव तालुक्यातल्या पावरा घरातली ही बाई शहाद्याला वकिली करते. समोर बसलेत तिचे कॉलेजातले मराठीचे सर, तापीकाठच्या शेतकरी घरातले, आता निवृत्त. दोघंही कल्पित आहेत, त्यांचा वाद मात्र कल्पित नाही.

सर : दुसऱ्यांदा पाहिलास. आता तरी मान्य कर, प्रेमाचा एवढा मोठा सिनेमा मराठीत झाला नाही.

वकीलबाई : मोठा आहे, मान्य. पण मन भरलं नाही सर. पहिला भाग गाण्यांत तरंगतो, शेवट अंगावर येतो आणि मधलं हैदराबाद, जे मला सगळ्यात जवळचं वाटलं, ते घाईघाईत उरकतं.

सर : गाण्यांत तरंगतो म्हणून तर शेवट लागतो. अजय-अतुलनी त्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद उभा केला. करमाळ्याच्या शिवारात धावणाऱ्या परश्यामागे, मासे धरणाऱ्याच्या पोरामागे, तो वाद्यवृंद वाजतो, तेव्हा त्या पोराला कुणीतरी पहिल्यांदा नायक मानलेलं असतं. आणि शेवटी तेच संगीत काढून घेतलं. आर्ची-परश्याला मारून टाकल्यावर त्यांचं लहान मूल रक्ताची पावलं उमटवत जातं आणि आवाजच नाही. आधी भरभरून दिलं नसतं, तर काढून घेतलेलं कळलं असतं का?

वकीलबाई : दिग्दर्शकाचा हिशोब बरोबर आहे. पण जे दिलं, तेवढंच लोकांनी ठेवून घेतलं. ‘झिंगाट’ कुठल्या वरातीत वाजत नाही आता? जातीत जुळवलेलं लग्न, हुंड्याची बोलणी झालेली, आणि डीजेवर पळून गेलेल्यांचं गाणं. त्या वरातीत नाचणाऱ्या नवरीच्या भावाला बाजूला घेऊन विचारा, तुझी बहीण आर्चीसारखी निघून गेली असती तर काय केलं असतंस?

सर : तो दोष वरातीचा. सिनेमाचा कसा?

वकीलबाई : निम्मा वरातीचा. पहिल्या दीड तासात कॅमेरा त्या दोघांच्या इतका प्रेमात पडलाय, की आर्चीचं वय किती हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. रिंकूने दहावीची परीक्षा सिनेमा लागल्यानंतर दिली, हे लक्षात आहे ना? मी कोर्टात रोज वयाचे दाखले बघते, म्हणून मला सुचलं.

सर : सिनेमा बघायला गेली होतीस की वकीलपत्र दाखल करायला?

वकीलबाई : तुम्ही तरी शेत बाहेर ठेवून थिएटरात शिरलात का?

सर : नाही शिरलो, खरं आहे. आमच्याकडे भिलाची माणसं सालदार होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल धरायचं, ते पुढच्या आखाजीपर्यंत. त्यांची पोरं ओसरीची पायरी चढत नसत. त्यातल्या एखाद्याने आमच्या घरातल्या मुलीकडे मान वर करून पाहिलं असतं, तर पुढे काय झालं असतं ते समजायला मला सिनेमाची गरज नव्हती. याच शहादा तालुक्यात १९७१ साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा प्रश्न पोटाचा होता, प्रेमाचा नव्हता. पोटासाठी एवढं, तर पोरीसाठी किती? म्हणून ‘सैराट’ मला गोड कधी वाटलाच नाही, खरा वाटला. तो लागायच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला एका दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकलं होतं. पोरगा अजून शाळेत होता. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

वकीलबाई : सोनईही त्याच जिल्ह्यातलं. २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन तरुण मारले. तिथे निदान २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. सर, सपाटीची ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणतच नाही. पण आमच्या धडगावच्या पहाडातून बघताना तोच सिनेमा वेगळा दिसतो. मी तो पहिल्यांदा गावी पाहिला, मोबाइलच्या मेमरी कार्डातून, आत्याच्या शेजारी बसून. शेवट झाला. आत्या रडली नाही. तिने विचारलं, “यांच्यात पंच नव्हते का? इतक्या वर्षांत कुणी बोलणी करायला गेलं नाही?”

सर : भोळा प्रश्न आहे.

वकीलबाई : भोळा कसला? तिने अशा कितीतरी बैठका पाहिल्यात. आमच्याकडे मुलगी मुलाबरोबर निघून गेली, की तिच्या घरचे चार माणसं घेऊन मुलाच्या गावी जातात. आरडाओरडा होतो, कधी हातही उचलले जातात. मग दोन्हीकडचे पंच बसतात. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची देज ठरते, वर दंड ठरतो, पैसे कमी पडले तर मुदत मिळते. जेवण होतं, मोहाची दारू होते, मुलगी नांदायला लागते. बापाला राग येतोच. पण तो राग कुणापुढे मांडायचा आणि कुठे थांबवायचा, हे गावाला माहीत असतं. आर्चीच्या बापाला माघार घ्यायची झाली असती, तर त्याने कुणाकडे जायचं होतं? त्याच्या गावाने त्याला एकच रस्ता ठेवला होता.

सर : आता भोंगऱ्याचं कौतुक ऐकायला मिळणार. होळीच्या आधीचा बाजार, ढोल, बासऱ्या, आवडलेल्या मुलीला गुलाल लावायचा आणि घेऊन पळायचं…

वकीलबाई : हेच! दरवर्षी पेपरात हेच छापून येतं आणि दरवर्षी आमची पोरं चिडतात. भोंगऱ्या हा होळीचा बाजार आहे. माणसं डाळ्या, गूळ, खजूर, नवे कपडे घ्यायला उतरतात. लांबच्या पाड्यांवरचे नातेवाईक भेटतात. ढोल घेऊन गावंच्या गावं येतात. तिथे पोरापोरींची नजरानजर होते, तशी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही होते. मग सारंगखेड्याला कुणी लग्नाचा बाजार का म्हणत नाही? आमच्या प्रेमाचा बाहेरच्यांनी कधीच सिनेमा करून टाकलाय, तोही न बघता.

सर : बरं, भोंगऱ्या सोडला. पंच सोडत नाही. त्या बैठकीत मुलगी कुठे बसलेली असते?

वकीलबाई : आत, बायकांत.

सर : आकडा तिचा ठरतो आणि ती आत?

वकीलबाई : हो. मी त्या बैठकीची वकिली करायला आलेली नाही. देज फेडायला पोरगा मुकादमाकडून उचल घेतो आणि लग्नाच्या पहिल्याच हंगामात दोघं कोयता घेऊन गुजरातच्या उसात जातात. पुढे नवऱ्याने मारलं आणि बाई माहेरी आली, तर ऐकवतात, पैसे मोजलेत. आणि मुलगी जमातीबाहेरच्या माणसाबरोबर गेली, तर हेच पंच कडक होतात. त्यात नुसता अभिमान नसतो, जमीनही असते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी घेता येत नाही. मग आदिवासी बायको करायची आणि तिच्या नावावर जमीन घ्यायची, असले प्रकार लोकांनी पाहिलेत. त्यामुळे जिथे खरोखर प्रेम आहे तिथेही गाव आधी सातबारा बघतं. घरादाराला वाळीत टाकलं जातं. ‘सैराट’ लागला त्याच महिन्यात विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत केला. किती पाड्यांवर तो पोचलाय, ते तुम्हीच बघा.

सर : मग तुझे पंच आणि आर्चीचा बाप, फरक काय राहिला?

वकीलबाई : मुलगी जिवंत राहते, एवढा. आमच्याकडे खून होतच नाहीत, असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. पण मुलगी घरातून गेली म्हणजे तिला मारायलाच हवं, असं आत्याच्या डोक्यात येत नाही. तुम्ही सांगा, हा फरक लहान आहे?

सर : नाही. पण मंजुळेंनी तो का दाखवावा? त्यांनी त्यांचं करमाळा दाखवलं. जे पाहिलं, भोगलं, तेच ‘फँड्री’त आणि तेच ‘सैराट’मध्ये. कॉलेजात शिकवणाऱ्या सरांना पाटलाचा पोरगा भर वर्गात कानफटात मारतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. हे मी शिक्षक म्हणून बघितलं तेव्हा गाल माझा झोंबला. हिंदी ‘धडक’वाल्यांनी गोष्ट उदयपूरला नेली आणि जात पातळ केली, तेव्हा काय उरलं? दोन सुंदर पोरं. जागा नेमकी ठेवली म्हणून ‘सैराट’ टिकला.

वकीलबाई : हे पटलं. माझं भांडण त्याला ‘अवघ्या महाराष्ट्राचं वास्तव’ म्हणणाऱ्यांशी आहे. धडगाव-शहाद्याच्या आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शंभरातली एकोणसत्तर माणसं आदिवासी निघाली. त्यांचं प्रेम, त्यांचं पळून जाणं, त्यांची भांडणं कुठल्या मराठी सिनेमात आली? आमच्याकडे ‘सैराट’ वेगळ्याच ठिकाणी संपतो, ते कुणाला माहीत आहे?

सर : कुठे संपतो?

वकीलबाई : दवाखान्यात. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीसचा. दोन्ही घरं राजी, देज दिलेली, जेवण झालेलं. मुलगी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाते. आधार कार्डावर वय दिसतं. डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीच्या होकाराला अर्थ नाही. पोरगा आत जातो आणि पोरगी बाळ कडेवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहते, त्याला सोडा म्हणून.

सर : म्हणजे कायदा चुकीचा?

वकीलबाई : नाही. सतराव्या वर्षीचं बाळंतपण काय करतं, ते धडगाव-अक्कलकुव्यात ज्याने पाहिलंय तो कायदा काढा म्हणणार नाही. पण म्हणूनच आर्ची बुलेटवरून येते तेव्हा सगळं थिएटर शिट्ट्या मारतं आणि मी मनात वर्षं मोजते. हे माझं दुर्दैव म्हणा. सिनेमाचा मोह मलाही होतो. घरातून ट्रॅक्टर काढून शेतात जाणारी, मुलाच्या डोळ्यात डोळे घालून बघणारी मुलगी मला कमी आवडते का? तिच्यामुळे करमाळ्याची बोली पुण्यातल्या पोरी बोलायला लागल्या. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि शाळेत ‘शुद्ध’ मराठी, अशी मी वाढले. गावची बोली बोलणारी नायिका बघून पाठ ताठ झाली माझी.

सर : आत्ता कसं! तुझं आवडलेलं हैदराबाद सांग.

वकीलबाई : तिथे पहिल्यांदा प्रेमाला घरभाडं लागतं. झोपडपट्टीतली घाण बघून आर्चीला रडू येतं. ती पाटलाची लेक आहे, घरात हाताखाली माणसं असायची. परश्याला गरिबीची सवय आहे, तिला नाही. छाया कदमांच्या अक्का त्यांना आसरा देतात, डोशाच्या गाडीवर काम मिळतं, आर्ची कारखान्यात जाते, तेलुगू शिकते. आणि मग परश्या संशय घेतो. तिला मारतो. सर, त्या एका थपडेत मला सगळा सिनेमा दिसला. कारण जात उलटी झाली तरी बाई-पुरुष उलटे झालेले नाहीत. ज्याच्या जातीने तुमच्या जातीचा मार खाल्ला, तोही घरात नवराच.

सर : मंजुळेंनी ते दाखवलं, हेच मोठं. दुसऱ्या कुणी नायकाचा हात स्वच्छ ठेवला असता.

वकीलबाई : दाखवलं आणि लगेच पुढे गेले. ती निघून जाते, परत येते, तो मरायला निघालेला असतो, मग समेट. त्यापुढे स्कूटर, मूल, घर. थपडेला दोन मिनिटं आणि नजरभेटींना तासभर. शहाद्याच्या बायकांनी १९७२ च्या सुमारास काय केलं, ते तुम्हीच आम्हाला वर्गात सांगितलं होतं. अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत आलेल्या या आदिवासी बाया मजुरीसाठी लढता लढता दारूच्या भट्ट्यांवर गेल्या, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्या नाती ‘सैराट’ बघतात आणि परश्याला माफ करतात. मीही केलं. कारण सिनेमाने विचार करायला वेळच दिला नाही.

सर : अगं, ती घाई मुद्दाम आहे. जुने सिनेमे आठव. १९८१ चा ‘एक दूजे के लिए’, १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’. प्रेमिक ऐन भरात मरतात आणि आपण नशिबाला दोष देत घरी जातो. मंजुळेंनी आधी दोघांना संसाराला लावलं. भांडून झालं, रुसून झालं, मूल झालं. आता ही गोष्ट संपली, असं वाटायला लागलं. मग दार वाजलं. माहेरची माणसं आली, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्चीने चहा टाकला. नशीब वगैरे काही नाही त्यात. मारायला आलेली माणसं शांतपणे घरात बसली. हे मराठीत कुणी सांगितलं नव्हतं.

वकीलबाई : त्या चहाचाच मला राग आहे.

सर : का?

वकीलबाई : माझ्याकडे एक मुलगी आली होती, सपाटीवरची. जातीबाहेर लग्न करून सुरतेला राहते. माहेरचे म्हणाले, बाळ बघायला येतो. तिने दार उघडलं नाही. मला म्हणाली, मॅडम, मी ‘सैराट’ पाहिलाय. तिचा बाप खरंच नातवंड बघायला आला होता का, ते मला माहीत नाही. तिलाही कधी कळणार नाही.

सर : ती जिवंत आहे ना? सिनेमाने तिला सावध केलं.

वकीलबाई : केलं. आणि तिचा बाप खरंच पाघळला असेल, तर त्याच्या तोंडावर दारही लावलं. दोन्ही खरं आहे. म्हणून मला हा सिनेमा धड आवडत नाही आणि धड सोडवतही नाही.

सर : एक सांगतो. कॉलेजात मी तो दाखवायचा म्हणतोय, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना. तुझा विरोध?

वकीलबाई : मुळीच नाही. फक्त शेवटचं दृश्य झाल्यावर दिवे लावून पोरांना घरी पाठवू नका. अर्धा तास मला द्या.

सर : काय सांगणार आहेस?

वकीलबाई : मुलगी अठरा, मुलगा एकवीस, त्याआधी लग्न नाही. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी चालते. म्हणून आदिवासी आणि बिगरआदिवासी जोडप्याला १९५४ चा विशेष विवाह कायदाच धरावा लागतो. त्यात तीस दिवसांची नोटीस. नाव-पत्त्यासकट कचेरीच्या फलकावर लागते, आणि सगळ्यात जास्त धोका त्या तीस दिवसांत असतो. २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप-पंचायतीला बोलायचा अधिकार नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवा, सुरक्षित निवारा हवा. आर्ची-परश्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. २०१६ मध्ये तो निकालही नव्हता. आता आहे.

सर : पोरांची मजा घालवशील.

वकीलबाई : तो शेवट बघून मजा उरते का?

सर : ते खरं. पण माझंही ऐक. तुझ्या अर्ध्या तासाला पोरं थांबतील ती आर्चीमुळे. ‘विशेष विवाह कायदा’ असा फलक लावून व्याख्यान ठेवलं, तर समोर मी आणि कॉलेजचा शिपाई.

वकीलबाई : म्हणून तर म्हणते, दाखवा.

सर : मग तुझी तक्रार सिनेमाबद्दल नाहीच.

वकीलबाई : थोडी आहे. थपड घाईत उरकल्याची आणि गाण्यांच्या नादात वय विसरायला लावल्याची. बाकीची तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण रडलो, नाचलो, पुरस्कार दिले आणि मोकळे झालो. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मंजुळेंनी द्यायचं नव्हतं. लेक निघून गेल्यावर घरच्यांनी चार माणसांसमोर रागवावं, बोलावं आणि देज न घेता, सुरी न काढता घरी जावं, अशी बैठक सपाटीत नाही. पहाडात आहे ती अर्धीच, कारण तिथे देज ठरते आणि मुलगी आत बसलेली असते. तिला बाहेर, पंचांच्या बरोबरीने बसवायला हवं.

सर : भरवशील अशी बैठक?

वकीलबाई : भरवीन. पहाडाकडून माणसं मी आणते. सपाटीकडून कोण बसेल?

सर : माझं नाव लिही. पण बसलो तरी ‘सैराट’ला नावं ठेवू देणार नाही.

वकीलबाई : थपडेपुरती ठेवीन.